मामा तलावावरचं आरमार

सुरेंद्रभाऊंची लाकूड कापायची आरा मशीन चामोर्शीत, बंगला चामोर्शीत आणि छंद थेट समुद्रात. एकाहत्तरच्या लढाईत ज्यांनी जहाजं चालवली, त्या आरमारी अधिकाऱ्यांच्या सह्या ते जमवायचे. कुणाच्या मुलाला फोन करून, कुणाच्या विधवेला गळ घालून, एकदोन तर लिलावात बोली लावून. प्रत्येक सहीला आलापल्लीच्या सागवानाची फ्रेम. भाऊंना स्वतःला पोहता येत नाही, तलावाच्या पाळीवरून जातानाही ते पाण्यापासून लांबच्या कडेनं चालतात, हा भाग वेगळा.

बंगल्याच्या भिंती भरल्या तेव्हा भाऊंना दुसऱ्यांच्या भिंती दिसू लागल्या. आमच्या गावचा मालगुजारांच्या काळातला तलाव, त्याला सगळे मामा तलाव म्हणतात, त्याच्या पाळीवर मच्छीमार संस्थेचा हॉल आहे. पावसाळ्यात ढिवरांची जाळी वाळायला तेवढीच एक जागा. बाहेर पडलेलं जाळं कुजतं, आणि जाळं कुजलं की चूल थंड. भाऊंनी शब्द टाकला आणि पंचायतीनं ठराव केला : हॉलमध्ये ‘आरमार दालन’. गावात एसटी वेळेवर येत नाही, पण आरमार आलं.

संस्थेचा अध्यक्ष इस्तारी. त्यानं हात जोडून विचारलं, "भाऊ, जाळे कुठी ठेवाचे जी?"

"अरे, या लोकांनी देशासाठी जीव धोक्यात घातला आणि तू जाळं घेऊन बसलास!"

इस्तारीनं जोडलेले हात सोडले. देशाचं नाव काढलं की माणूस गप्प होतो. म्हणूनच तर काढतात.

उद्घाटनाला साक्षात कमोडोर टिपरे येणार होते. भाऊंच्या संग्रहातली एवढी एकच सही जिवंत माणसाची. हॉल सजवायचं काम मिळालं गोकुळाबाईला, जिचं जाळं बाहेर ताडपत्रीखाली नासत होतं.

"मोठी माणसं आहेत बाई, मान राखून सजव," असं फर्मावून भाऊ पाहुण्यांना आणायला नागपूरला गेले.

गोकुळाबाईनं मान राखला. एकूण एक फ्रेमला झेंडूचा हार. काचेवर कुंकवाचं बोट. खाली उदबत्ती, आणि पळसाच्या पानावर भात-वड्याचा नैवेद्य. आमच्या गावात माणूस फ्रेममध्ये जातो तो एकाच कारणानं. तिनं कुणालाच उपाशी ठेवलं नाही.

नव्वदी ओलांडलेले कमोडोर काठी टेकत आले. एकेक नाव वाचत पुढे सरकले आणि स्वतःच्या नावापुढे थांबले. सहीला धूर मिळत होता, भाताला मुंग्या लागल्या होत्या.

"गोकुळा!" भाऊ ओरडले. "साहेब जिवंत आहेत!"

"मंग त्याइले फ्रेममंदी काऊन घातलं जी तुमी? जिता माणूस आमच्याइथी भिताडावर नाई राहत."

कमोडोर खोकला लागेपर्यंत हसले. "शत्रूला जमलं नाही ते तुम्ही करून दाखवलंत, सुरेंद्र. काढा मला खाली."

"सर, हार काढतो ना फक्त..."

"हार राहू द्या. मला काढा."

फ्रेम उतरली. मागे भिंतीत ठोकलेली जाड खुंटी दिसली.

"ही कशाची?"

"जाळ्याची जी," गोकुळाबाई म्हणाली. "साऱ्याच जाळ्याच्या हायेत. आमचे जाळे बाहेर फेकले, अन् तुमाले टांगलं."

म्हातारा भिंतभर नजर फिरवत राहिला. "मग माझी जागा तर मोकळी झाली," तो म्हणाला.

गोकुळाबाई पुढचं ऐकायला थांबलीच नाही. ताडपत्रीखालचं निथळतं जाळं आणून तिनं खुंटीवर चढवलं. स्वतःच बोलावलेल्या पाहुण्यासमोर भाऊ फ्रेम पोटाशी धरून उभे राहिले.

कमोडोर गेल्यावर दोनचार दिवसांत बाकीच्या बायांनी खुंट्याखुंट्यांना दोऱ्या बांधून आपापली जाळी पसरली. हॉलमध्ये शेवाळाचा आणि मासोळीचा वास भरला. काचांच्या आत वाफ धरली, शाई फुटू लागली. भर समुद्रात ज्यांचा हात थरथरला नाही, त्यांच्या सह्या तलावाच्या ओलीनं पसरल्या.

खबर लागताच भाऊ धावत आले. "बाई, निदान वाळवून तरी आणा गं!"

"वाळवालेच त आणतो जी," गोकुळाबाई म्हणाली. "बाहेर पानी चालू हाये. तुमच्या साहेब लोकायले घरी घेऊन जा, सर्दी होईन त्याइले."

भाऊ दातओठ खात एकेक फ्रेम उतरवू लागले. मागे इस्तारी उभा होता, खांद्यावर जाळं घेऊन.

"हं भाऊ," तो म्हणाला, "आता थे कोपऱ्यातली."