जबाबदारी : प्रभू

अमेरिकेत, ओहायोमधल्या डब्लिनच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत एकूण सात कुटुंबं होती आणि सातही कुटुंबांचं आज्ञापालन संजय चक्रनारायणच्या लॅपटॉपवर एका एक्सेल शीटमध्ये सुखाने नांदत होतं.

संजय एका विमा कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर होता. ज्या शीटने त्याच्या ऑफिसातला एकही प्रोजेक्ट वेळेवर संपला नव्हता, त्याच शीटने सात कुटुंबं वेळेवर स्वर्गात पोचतील यावर त्याचा अढळ विश्वास होता. दर शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता मंडळी त्याच्या बेसमेंटमध्ये जमायची. दोन गाणी, एक प्रार्थना, मग प्रोजेक्टर. प्रत्येकाच्या नावापुढे त्या आठवड्याची आज्ञा, तिचा शास्त्रभाग आणि स्थिती. पाळली तर हिरवा, अर्धवट पाळली तर पिवळा, मोडली तर लाल. शेवटचा रकाना होता ‘उत्तेजन’. एकमेकांना धीर द्यायला कोणी किती वचनं पाठवली, त्याचा आकडा. या रकान्यात प्रसाद कायम पहिला. त्याने एकदा सर्दी झालेल्या माणसाला ईयोबाच्या अंगभर उठलेल्या फोडांचा भाग पाठवला होता, पण मोजताना तोही धरला गेला.

शीट सुरू झाल्यापासूनच्या दीड वर्षात लाल रंग कोणी पाहिला नव्हता. लोक फार तर पिवळ्यापर्यंत जायचे, आणि तेही ‘रोज पहाटे उठणे’ असल्या गोष्टींत.

संजयच्या बायकोची, रेणूची ओळ पहिल्या दिवसापासून हिरवी होती. आज्ञा : पतीच्या अधीन असणे. ही ओळ रेणूने स्वतः कधी भरली नव्हती. संजयच भरायचा. तिला विचारायची त्याला कधी गरज वाटली नाही. अधीन असलेल्या माणसाला विचारायचं काय? रेणू मागच्या रांगेत चहाचे कप घेऊन बसायची आणि भिंतीवर आपलं नाव हिरव्या पट्ट्यात चमकताना बघायची. सुरुवातीला तिला बरं वाटायचं, हेही खरं सांगायला हवं.

दोन हजार दोन सालच्या नोव्हेंबरात अंकुर ओहोळची नोकरी गेली. त्या वर्षी पुष्कळांच्या गेल्या होत्या, त्यात विशेष काही नव्हतं. विशेष होतं ते पुढचं. अंकुरला दुसऱ्या कंपनीने घ्यायचं कबूल केलं होतं, पण तिथले कागद जानेवारीशिवाय हलणार नव्हते. अपार्टमेंटचं लीझ नोव्हेंबरअखेर संपत होतं आणि अपार्टमेंटवाले नवं लीझ पुऱ्या वर्षाचंच मागत होते, वर पगाराची स्लिप. त्याच्या बायकोला, सावनीला आठवा महिना लागलेला. डॉक्टरने विमानात बसायला साफ मनाई केली होती. म्हणजे भारतात परत जायची सोय नाही आणि इथे राहायला छप्पर नाही. प्रश्न उण्यापुऱ्या सात आठवड्यांचा होता.

शुक्रवारी अंकुरने हे सगळं प्रार्थनाविनंती म्हणून सांगितलं. उभा राहून, खाली बघत, मराठी इंजिनियर माणूस स्वतःची अडचण सांगताना जसा अडखळतो तसा अडखळत.  सातांपैकी पाच कुटुंबांची स्वतःची घरं होती, आणि प्रत्येक घरात एक तरी खोली अशी होती जिच्यात व्यायामाची सायकल सोडून कोणी राहत नव्हतं. सगळ्यांनी गालिच्याकडे पाहिलं.

“प्रभू दार उघडेल,” सुवर्णा म्हणाली. तिच्या घरात चार बेडरूम होत्या.

“अंकुर, यार, टेन्शन नको घेऊ,” प्रसाद म्हणाला. “मी तुला आज रात्रीच फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय मेल करतो. जबरदस्त वचन आहे.”

संजयने शीटमध्ये एक नवी ओळ घातली. ‘अंकुर-सावनी, घर.’ स्थिती पिवळी. मग ऑफिसातली सवय म्हणून त्याने आणखी एक रकाना जोडला, ‘जबाबदारी’, आणि त्यात टाइप केलं : प्रभू. सगळ्यांना हायसं वाटलं. काम योग्य माणसाकडे गेलं होतं.

त्या आठवड्यात उत्तेजनाचा नुसता पूर आला. रेणूही मागे राहिली नाही. तिने एक सुंदर कार्ड आणलं, चिमण्यांचं चित्र असलेलं, त्यात देव पाखरांनाही उपाशी ठेवत नाही अशा अर्थाचं वचन आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, आणि मंगळवारी दुपारी पुलावाचा डबा घेऊन ती सावनीकडे गेली. जाताना गाडीत ती स्वतःवर खूश होती.

सावनी जमिनीवर बसून खोकी भरत होती. सात-आठ खोकी भरून झाली होती, पण कुठे न्यायची ते ठरलं नसल्याने वर पत्ता नव्हता. फ्रिजचं दार वचनांच्या कार्डांनी भरून गेलं होतं. रेणूने आपलं कार्ड पुढे केलं. सावनीने ते उघडून वाचलं, मनापासून थँक्यू म्हणाली आणि लावायला जागा शोधू लागली. दारावर जागा नव्हती. मग तिने ते फ्रिजच्या बाजूला लावलं.

“अकरा झाली ताई,” ती म्हणाली. “हे प्रिंटआउट धरले तर तेवीस. यांना टाकून द्यायला मन होत नाही. पण पॅक करून नेऊ कुठे?”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर रेणूला घरी जाऊन तिच्यावर चिडता तरी आलं असतं. ती नुसती दमली होती आणि तिचे पाय सुजले होते. रेणूने तिला पुलाव वाढला, दोन खोकी चिकटपट्टीने बंद केली आणि घरी आली. स्वयंपाकघरातल्या खुर्चीत ती बराच वेळ कोट न काढताच बसून राहिली. तिला स्वतःची लाज वाटत होती.

रेणूचे वडील कोपरगावजवळच्या एका खेड्यात मिशनच्या शाळेत मास्तर होते. त्यांचा घरात एकच कडक नियम होता : अध्याय सुरू केला की संपल्याशिवाय उठायचं नाही. देव बोलत असताना मधेच उठून जाणं त्यांना असभ्यपणाचं वाटे. लग्नात त्यांनी रेणूला आपलं जुनं बायबल दिलं होतं आणि हा नियमही. मंडळीत त्या महिन्यात याकोबाचं पत्र चाललं होतं. संजयने पहिल्या अध्यायातून एक ओळ उचलली होती, वचन नुसतं ऐकू नका, आचरणात आणा, अशा अर्थाची, आणि तिची रंगीत स्लाइड केली होती. रेणूने कोट काढला, बायबल उघडलं आणि नियमाप्रमाणे अध्याय पुरा केला. मन थाऱ्यावर नव्हतं म्हणून दुसराही वाचायला घेतला. तिथे याकोब सरळ विचारत होता, की भावाबहिणीच्या अंगावर कपडा नाही, पोटाला अन्न नाही, आणि तुम्ही त्यांना नुसतं सांगता की सुखाने जा, ऊब घ्या, पोटभर जेवा. तर त्याचा उपयोग काय?

रेणूच्या डोळ्यांपुढे फ्रिजच्या बाजूला लावलेल्या चिमण्या आल्या. इतकी वर्षं ती हे पुस्तक खरं मानत आली होती, पण ते आपल्याला उद्देशून बोलतंय असं मानायची पाळी आज पहिल्यांदाच आली होती.

संध्याकाळी जेवण झाल्यावर तिने विषय काढला. “अहो, अंकुर-सावनीला आपल्या बेसमेंटमध्ये ठेवू या. सात आठवड्यांचा तर प्रश्न आहे.”

संजयने तिच्याकडे असं पाहिलं, की जणू तिने प्रोजेक्टर विकायला काढला होता. “बेसमेंटमध्ये? रेणू, ती जागा प्रभूला अर्पण केलेली आहे.”

हे खरं होतं. गेल्या वर्षी नवा गालिचा टाकला तेव्हा नगरच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी फोनवरून प्रार्थना करून बेसमेंट प्रभूला अर्पण केलं होतं. तेव्हापासून प्रभूच्या त्या जागेत बावन्न इंची टीव्ही आणि मागे झुकणारी चामडी खुर्ची होती, आणि दर शनिवारी संजय तिथे पाय वर करून ओहायो स्टेटची फुटबॉल मॅच बघायचा.

“प्रभूची जागा आहे म्हणूनच म्हणते,” रेणू म्हणाली.

“तुला कळत नाही. एकदा पायंडा पडला की प्रत्येक लेऑफला लोक आपल्या दारात. शिवाय लायबिलिटी आहे. उद्या ती जिन्यावरून पडली तर? आणि मीटिंग कुठे घ्यायची?” मग त्याने आवाज खाली आणला. शीटमध्ये कोणाचा रंग बदलताना तो असाच आवाज खाली आणायचा. “मी प्रार्थनेत विचारलंय. मला शांती नाही वाटत. आणि कुटुंबाचं मस्तक म्हणून माझा निर्णय नाही असा आहे. विषय संपला.”

रेणू भांडी विसळायला उठली. तेरा वर्षांत ती संजयला चांगली ओळखून होती. त्याला माणसांपुढे वाईट दिसायची जितकी भीती होती, तितकी देवाचीही नव्हती. आणि एकदा चारचौघांत देवाच्या कृपेची साक्ष दिली की ती परत घ्यायची हिंमत या माणसात नाही, हेही तिला पक्कं ठाऊक होतं.

शुक्रवारी सकाळी संजय ऑफिसला गेल्यावर तिने व्हॅनच्या मागच्या सीट काढून गॅरेजमध्ये ठेवल्या आणि सावनीच्या दारात जाऊन हॉर्न वाजवला. तीन फेऱ्या झाल्या. खोकी, गादी, कुकर, पाळण्याचं न उघडलेलं पार्सल. दुसऱ्या फेरीत अंकुरने भीत भीत विचारलं, “ताई, संजय ब्रदरना विचारलंत ना?”

“विचारलं ना, मंगळवारीच,” रेणू म्हणाली. ते काय म्हणाले, हे अंकुरने विचारलं नाही.

आवरताना फ्रिजवरची कार्डं सावनीने एका पिशवीत भरून बरोबर घेतली होती. रेणूने तिला चामड्याच्या खुर्चीत बसवलं, खुर्ची मागे झुकवली आणि तिचे पाय वर घेतले. सावनीला बसल्या बसल्या झोप लागली. तिला तशी झोपलेली बघून रेणूला रडू आलं. ते तिने जिन्यात उभं राहून आटोपलं आणि चहा टाकायला वर गेली.

संजय ऑफिसातून थेट सात वाजता पोचला, तोवर मंडळी खाली जमली होती. जिना उतरताना त्याला आधी टाळ्या ऐकू आल्या. मग खोकी दिसली, मग गादी, आणि मग आपल्या खुर्चीत पाय वर करून बसलेली सावनी. ती उठायला धडपडू लागली. रेणूने तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं.

“ब्रदर, मानलं तुम्हाला!” प्रसादने त्याला मिठीच मारली. “आम्ही सगळे नुसते प्रार्थना करत बसलो आणि तुम्ही करून दाखवलंत!”

“मी म्हणाले होते ना, प्रभू दार उघडेल,” सुवर्णा म्हणाली. दुसऱ्याचं दार उघडल्याने तिचा चेहरा उजळला होता.  अंकुरने संजयचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला.

संजयने रेणूकडे पाहिलं. रेणू कपांत चहा ओतत होती. मग त्याने खोकी पाहिली, मंडळी पाहिली, डोळ्यांत पाणी आलेला अंकुर पाहिला. साधारण चार सेकंद गेले. रेणूने ते मोजले.

“प्रभूची स्तुती असो,” संजय म्हणाला आणि डोळे मिटले. “मंगळवारी संध्याकाळी मी प्रार्थनेत असताना प्रभू माझ्याशी बोलला. संजय, तो म्हणाला, हे बेसमेंट कुणाचं आहे? मी म्हटलं, प्रभू, तुझंच.” इथे त्याचा आवाज खरोखर दाटून आला. साक्ष दहा मिनिटं चालली. तिच्यात शांती होती, त्याग होता, गालिचाही येऊन गेला. रेणूचं नाव तेवढं नव्हतं.

ऐकताना रेणूला राग आला, आणि आपण हेच तर गृहीत धरलं होतं असं आठवून थोडं हसूही आलं. सात आठवडे पक्के झाले होते. आता आकाश कोसळलं तरी संजय त्यांना बाहेर काढणार नव्हता.

मग प्रोजेक्टर लागला. ‘अंकुर-सावनी, घर’ ही ओळ टाळ्यांच्या गजरात हिरवी झाली. जबाबदारीच्या रकान्यात ‘प्रभू’च्या पुढे स्वल्पविराम देऊन संजयने ‘संजय’ असं लिहिलं. एकेक नाव खाली येत गेलं.

“रेणू,” तो न बघता म्हणाला. “पतीच्या अधीन असणे. हिरवा.”

“लाल करा,” रेणू म्हणाली.

संजयचा हात माउसवर थबकला. लाल हा शब्द त्या बेसमेंटमध्ये पहिल्यांदाच उच्चारला गेला होता.

“रेणू फार नम्र आहे,” तो घाईने हसला. “पुढे जाऊ.”

“ओळ माझी आहे.” रेणूने ट्रे खाली ठेवला, पुढे आली, त्याच्या हाताखालून माउस काढून घेतला आणि आपली ओळ लाल केली. भिंतभर हिरव्यात तो एकच पट्टा पेटून उठला. इतका गडद रंग आपल्या शीटमध्ये आहे, हे बऱ्याच जणांना ठाऊक नव्हतं.

“पण वहिनी,” प्रसाद गोंधळून म्हणाला, “तुम्ही कोणती आज्ञा मोडली?”

रेणूने माउस परत संजयपुढे ठेवला. “यांना विचारा,” ती म्हणाली. “आमच्या घरात साक्ष हेच देतात.”

सगळ्या माना संजयकडे वळल्या. त्याने चष्मा काढून पुसला. सांगावं तर दहा मिनिटांची साक्ष वाहून जाणार, आणि न सांगावं तर कुटुंबाचं मस्तक म्हणून त्याच्या अधिकारावर भिंतभर लाल रंग. पाळण्याच्या पार्सलवर हात ठेवून उभा असलेला अंकुर एकदा रेणूकडे, एकदा संजयकडे बघत होता आणि हळूहळू त्याला कळत होतं.

“वेळ झाली आहे,” संजय म्हणाला. “प्रार्थना करू या.”

मंडळींनी माना खाली घातल्या आणि डोळे मिटले. रेणूने मिटले नाहीत. तिने पाहिलं तर सावनीचेही उघडेच होते. सावनीने पाय जरासे बाजूला घेतले आणि खुर्चीच्या कडेवर रेणूसाठी जागा केली.