निळ्या रंगाखालची अक्षरे

मित्रांनो, मी एक जुना ट्रेलर आहे. ऊस वाहणारा नव्हे, होडी वाहणारा. दौंड तालुक्यात, भीमेच्या काठापासून सहा किलोमीटरवर, एका गुऱ्हाळामागच्या शेडमध्ये मी राहतो. होडीला चाके कशाला, असे तुम्हाला वाटेल. आमच्याकडे उन्हाळ्यात उजनीचे पाणी मागे मागे सरकते. काल जिथे घाट होता तिथे आज भेगाळलेला गाळ असतो. मग होडीला पाण्यामागे जावे लागते आणि तिला पाठीवर घेऊन मी जातो.

माझा जन्म शिरूरचा. पाबळला वेल्डिंग शिकलेल्या सत्तार मिस्त्रींनी मला घडवले. अँगल नवे आणि ॲक्सल एका मोडक्या जीपचा. मला घ्यायला गेणबा आले होते. त्यांचा जन्म मासेमारीत गेलेला. सोबत त्यांचा मुलगा विक्रम होता. चाके बसवण्याआधी मिस्त्रींनी बेअरिंगमध्ये तळहाताने ग्रीस दाबून भरले. गेणबांनी वाकून पाहिले.

"मिस्त्री, आमच्या बैलगाडीला जे घावंल ते वंगण चालायचं. तुमचं सोवळं लई दिसतंय."

"आबा, तुमची बैलगाडी नदीत पोहायची का?" मिस्त्री हसले. "हा रोज पाण्यात उतरणार. ग्रीस म्हणजे तेल आणि साबण. साबण तेलाला धरून ठेवतो. आता साबण कुठला, त्यावर सगळं. सोड्याच्या साबणाचं ग्रीस उष्णता सोसतं, पण पाण्यात विरघळतं. चुन्याच्या साबणाचं, म्हणजे हे कॅल्शियम ग्रीस, फार उष्णता सोसत नाही, पण पाण्याला दाद देत नाही. तुमचा रस्ता सहा किलोमीटरचा आणि ट्रॅक्टर हळू चालतो. चाक फार तापणार नाही. म्हणून हेच."

मग त्यांनी पांढऱ्या रंगाने, मला ट्रॅक्टरला जोडतात त्या माझ्या दांड्यावर चार ओळी लिहिल्या. गेणबांना वाचता येत नव्हते. विक्रमने त्या मोठ्याने वाचून दाखवल्या. माझ्या अंगावर शब्द आहेत, याचा मला फार अभिमान वाटला.

पहिली सात वर्षे सुखाची होती. गेणबा दर पावसाळ्याआधी माझी चाके काढत. जुने ग्रीस रॉकेलने धुऊन पुसून घेत, बेअरिंग उन्हात वाळवत आणि मगच नवे भरत. काठावर पोहोचल्यावर ते मला लगेच पाण्यात ढकलत नसत. चाकाच्या मधल्या भागाला, म्हणजे हबला, हात लावून पाहत. तो कोमट लागला तर बाभळीखाली बसून राहत. तापलेला हब गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलच्या, म्हणजे हबच्या रबरी कड्याच्या, फटीतून पाणी आत ओढून घेते. हे शास्त्र गेणबा शाळेत शिकले नव्हते. त्यांच्या हाताला ते कळत होते.

मग त्यांचे गुडघे गेले. होडी आणि मी विक्रमकडे आलो. मला आनंदच झाला. दांड्यावरची अक्षरे वाचणारा तोच तर होता! विक्रम गुऱ्हाळावर काम करायचा आणि मला जीव लावायचा, हे खोटे नाही. तो मला पाइपने धुवायचा. खंडेनवमीला हत्यारांची आणि यंत्रांची पूजा असते. तेव्हा तो मला चकचकीत निळा रंग द्यायचा. चाकांवर हळदीकुंकवाची बोटे उमटायची. गेणबांची बहीण धुरपदा नदीतल्या बेटावर चौदा शेळ्या घेऊन राहायची. ती खास माझ्यासाठी झेंडूचा हार घेऊन यायची.

"नवरदेव दिसतोय ह्यो," ती म्हणायची. "आन् माझ्या लग्नात माझा नवरा शर्टाबिगर बसला व्हता."

पहिल्याच वर्षी रंगाचा ब्रश दांड्यावरून फिरला आणि मिस्त्रींच्या चार ओळी निळ्या रंगाखाली गेल्या. मी मनाशी म्हणालो, अक्षरे झाकली म्हणून काय झाले? विक्रमला ती पाठ असतील.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्याने माझ्या चाकाची टोपी काढली. हातात गुऱ्हाळाच्या ऊस पिळणाऱ्या चरकासाठी आणलेला सोडा ग्रीसचा डबा होता. चरकाला ते योग्यच होते. तो तापतो, पण नदीत उतरत नाही. विक्रमने बेअरिंग धुतले नाही. जुने ग्रीस पुसलेही नाही. त्याच्यावरच नवे दाबले.

शेडसमोरच्या घराच्या ओसरीवरून गेणबांनी विचारले, "शिरूरच्या मिस्त्रीचं हाय का रं ते?"

"ग्रीस ते ग्रीस, आबा. आन् ह्ये तर चरकाचं, लई जोरकस."

मित्रांनो, मला बोलता येत नाही. पण मी सांगण्याचा प्रयत्न केला. दोन ग्रीस एकमेकांत मिसळून पातळ झाले. पाणी आत येऊ लागले. माझ्या डाव्या चाकातून पांढुरके ओघळ उतरले.

"विक्रम, चाकातनं दूध गळतंय बघ," गेणबा म्हणाले.

"पाण्यात जातंय तवा पाणीच गळणार की, आबा." त्याने ओघळ फडक्याने पुसले आणि त्या खंडेनवमीला माझ्यावर रंगाचा आणखी एक हात दिला.

मी घरघरलो. त्याने ट्रॅक्टरवरच्या गाण्याचा आवाज वाढवला. आत बेअरिंगच्या गुळगुळीत पोलादावर गंजाचे खड्डे पडत होते आणि बाहेर मी नवरदेवासारखा चमकत होतो. अशी तीन वर्षे गेली.

गेल्या ऑगस्टमध्ये वरून घोड नदीच्या धरणातून पाणी सोडले. भीमा आधीच भरलेली होती. सकाळी नऊ वाजता धुरपदेचा फोन आला. तो मीही ऐकला, कारण विक्रमने स्पीकर लावला होता.

"विक्रम, बेटावर पाणी चढाया लागलंय. गोठ्याच्या उंबऱ्याला लागलंय बघ. होडी आण, बाबा."

"निघालोच, आत्या! अर्ध्या तासात येतोय!"

होडी माझ्या पाठीवरच होती. ट्रॅक्टर निघाला आणि या वेळी तो हळू चालला नाही. तिसऱ्या किलोमीटरला माझा डावा हब तापला. चौथ्याला धूर आला. ओढ्याच्या पुलाजवळ बेअरिंग जॅम झाले. चाक फिरेना, नुसते फरफटू लागले. विक्रमने उतरून हबवर बादलीभर पाणी ओतले. चर्र आवाज झाला आणि वाफ उठली. चाक हलले नाही. नदी अजून दोन किलोमीटर होती.

उसाच्या फडातून आठ माणसे धावत आली. त्यांनी होडी खांद्यावर घेतली आणि चिखलातून नेली. मी पुलाशेजारी एका बाजूला कलंडून राहिलो. मित्रांनो, ज्या कामासाठी मला घडवले ते काम त्या दिवशी माणसांच्या खांद्यांनी केले. त्यांना दीड तास लागला.

दुपारी धुरपदेला त्याच रस्त्याने आणले. तिच्यामागे पाच शेळ्या होत्या. नऊ वाहून गेल्या होत्या. गोठ्याच्या मेढीला धरून ती छातीभर पाण्यात उभी राहिली होती. ती माझ्याजवळ थांबली.

"एवढा वेळ? वाटंत काय लगीन लागलं व्हतं?" ती म्हणाली. हसू कुणालाच आले नाही.

विक्रमने माझ्या टायरला लाथ मारली. "ह्या ट्रेलरनं दगा दिला, आत्या. ऐन टायमाला दगा दिला."

तो शब्द मी अजून विसरलो नाही.

मला ओढत शेडमध्ये परत आणले आणि चार दिवसांनी सत्तार मिस्त्री शिरूरहून आले. त्यांनी हब उघडला. आत करड्या ताकासारखे काहीतरी होते आणि बेअरिंगचे रोलर निळेकाळे पडले होते. मिस्त्रींनी पाण्याने भरलेले दोन काचेचे ग्लास मागवले. एकात आपल्या डब्यातले ग्रीस टाकून काडीने ढवळले. गोळा जसाच्या तसा राहिला आणि पाणी स्वच्छ. दुसऱ्यात चरकाचे ग्रीस टाकले. हळूहळू ते पाणी दुधाळ झाले.

बघायला आलेल्या धुरपदेने दुधाळ ग्लास उचलून उजेडात धरला.

"मी लिहून दिलं होतं," मिस्त्री म्हणाले.

"कुठं?" धुरपदेने विचारले.

"दांड्यावर."

दांड्यावर तर नुसता निळा रंग चमकत होता. धुरपदेने कमरेचा विळा काढला आणि दांडा खरवडायला सुरुवात केली. रंगाचा एकेक पापुद्रा निघाला. शेवटच्या निळ्याखाली पांढरी अक्षरे दिसू लागली.

"विक्रम, हिकडं ये," ती म्हणाली. "मला वाचता येत न्हाई. काय लिवलंय, वाच."

विक्रम वाचू लागला. अनेक वर्षांपूर्वी जसे वाचले होते तसे मोठ्याने नव्हे. "हा ट्रेलर पाण्यात जातो. बेअरिंगला फक्त कॅल्शियम ग्रीस. जुने धुतल्याशिवाय नवे भरू नये. चाक गरम असताना पाण्यात उतरवू नये."

"पुन्हा वाच," धुरपदा म्हणाली.

त्याने पुन्हा वाचले. या वेळी दुसऱ्या ओळीखाली बोट ठेवून. ओसरीवर गेणबा मान खाली घालून बसले होते.

यंदाच्या खंडेनवमीला विक्रम रंगाचा डबा घेऊन आला. धुरपदाही आली. तिच्या हातात हार नव्हता, पाना होता. "आधी टोपी काढ," ती म्हणाली. "आतलं दिसू दे. मग तुझं कुंकू." त्याने टोपी काढली. आता तो दरवेळी काढतो आणि हबला हात लावून थांबतोही. तरी गावात कुठे माझा विषय निघाला की लोक म्हणतात, "त्योच की, दगा देणारा ट्रेलर." विक्रम तिथे असतो. तो काही बोलत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरीही सायकल असेल, पंप असेल, शिवणयंत्र असेल. त्यांना हार जरूर घाला. पण आधी टोपी उघडा, आत काय भरले आहे ते पाहा, आणि ज्याने घडवले त्याने काय सांगितले होते ते आठवा. आणि कधी एखादे चाक वाटेत अडकलेच, तर दगा कुणी दिला हे ठरवण्याआधी त्याच्यावरचा रंग एकदा खरवडून बघा.