पाटी नसलेलं दार

"रिक्षाला हात करू नकोस," सुमनबाईंनी नातीला दटावलं आणि होळकर पुलाच्या कठड्याला टेकून डावा गुडघा चोळला. "मोर्चा काय रिक्षात बसून गेला नव्हता."

मोर्चा गेला होता त्याला पस्तीस वर्षं झाली. सुमनबाई तेव्हा पस्तिशीच्या होत्या, दिवसाला हजार विड्या वळत होत्या. आता गुडघा कुरकुरत होता, पण बोलणं असं, की मोर्चा जणू परवाच्या सोमवारी निघाला. वैष्णवी आर्किटेक्चर शिकत होती. शहरातल्या कामगारांच्या वसाहती पायी हिंडून बघायच्या आणि ती घरं कशी भांडून मिळवली ते लिहायचं, असा तिचा प्रकल्प होता. नाशिकला आलेल्या माणसाला सगळे देवळं आणि घाट दाखवतात. हिला विटा दाखवायच्या होत्या, आणि त्यासाठी घरातलीच म्हातारी तिला मिळाली होती.

सुमनबाईंना मात्र आज प्रकल्पाशी फारसं देणंघेणं नव्हतं. त्यांना भागीबाईला एक गोष्ट विचारायची होती.

त्याचं असं झालं. विडी कामगार बायकांनी घरांसाठी मोर्चे काढले, धरणं धरलं, तेव्हा कुठे पंचवटीपलीकडे बेचाळीस घरं मंजूर झाली. बायका होत्या त्रेचाळीस. चिठ्ठ्या टाकल्या, आणि भागीबाईची चिठ्ठी डब्यात राहिली. त्याच दिवशी युनियनच्या लंकाबाईने सगळ्यांकडून शब्द घेतला, की भागीला घर मिळेपर्यंत कुणीही आपल्या दारावर नावाची पाटी लावायची नाही. सुमनबाईंच्या नवऱ्याने पाटीसाठी दारात खिळा ठोकला होता. तो तसाच राहिला.

पुढे लंकाबाई गेली. मग एकीच्या मुलाचं लग्न ठरलं, दुसरीने घर विकलं, आणि एकेक पाटी चढत गेली. आता बेचाळीसांत एकच दार बिनपाटीचं होतं. नवा पोस्टमन वैतागायचा. कुरियरवाल्याला शेजारीपाजारी खुणेने सांगायचे, "ते पाटी नसलेलं दार." वैष्णवीने कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये आजीच्या नावाची सागवानी पाटी स्वतः कोरून आणली, तेव्हा सुमनबाईंनी ती उलटसुलट करून पाहिली, पदराने पुसली आणि म्हणाल्या, "आधी भागीला विचारते." खरं तर इतक्या वर्षांत त्या भागीबाईकडे फिरकल्याच नव्हत्या. आपल्याला घर मिळालं आणि तिला नाही, मग कुठल्या तोंडाने जायचं, असं त्यांना वाटायचं. आता मात्र ठरलं. मोर्चाच्याच वाटेने जायचं, आणि तिथून पुढे वडाळ्याला. भागीबाई तिकडे कुठेतरी भाड्याने राहते, एवढंच ऐकून होत्या. पाटी वैष्णवीच्या पिशवीत होती.

वाटेत सुमनबाई जिथे जिथे थांबल्या ते वैष्णवीने फोनवर रेकॉर्ड केलं. काळारामाच्या दाराशी त्यांनी आत न जाताच सांगितलं होतं, की इथे लोक पाच वर्षं सत्याग्रहाला उभे राहिले, आणि लंकाबाई प्रत्येक मोर्चाआधी ते ऐकवायची. रविवार कारंजावर बायकांनी रिकामी सुपं बडवली होती. कलेक्टर कचेरीसमोर तीन दिवस बसल्या होत्या, आणि बसल्याबसल्या विड्याही वळत होत्या, कारण हात थांबले की चूल थांबते. द्वारकेच्या चौकात गाड्यांच्या गर्दीत सुमनबाईंचा गुडघा अगदीच आखडला. वैष्णवीने पुन्हा रिक्षाचं नाव काढलं. सुमनबाई तशाच लंगडत पुढे निघाल्या.

वडाळ्यात विचारत विचारत त्या घरकुलाच्या एका इमारतीपाशी पोचल्या. भागीबाईची भाड्याची खोली कुठे आहे, असं विचारलं तर एका बाईने तिसऱ्या मजल्याकडे बोट केलं. भाड्याचं कसलं, म्हणाली, आजीचं स्वतःचं घर आहे, तेरा वर्षं झाली.

दारावर पितळी पाटी होती. सुमनबाई युनियनच्या वर्गात वाचायला शिकल्या होत्या, त्या अजूनही बोट ठेवूनच वाचत. भागीबाई सोमा गावित. वाचून झालं तरी बोट तिथेच राहिलं. तेरा वर्षं. त्यांना राग आला, आणि रागापेक्षा जास्त स्वतःचंच हसू आलं. वैष्णवीने फोटोसाठी फोन वर केला, तो त्यांनी हाताने खाली केला.

भागीबाईने दार उघडलं, ओळखलं, आणि ती आधी रडली. चहा होईपर्यंत तिने सगळं सांगून टाकलं. निवडणूक होती. युनियनच्या विरोधातल्या पार्टीच्या माणसाने यादीत नाव घालतो म्हटलं. ती त्याच्या सभेला गेली, झेंडा धरला, आणि घर मिळालं. मग युनियनच्या बायकांना तोंड दाखवायची हिंमत झाली नाही.

"एक विचारू का गं सुमन?" भागीबाईने बशी खाली ठेवली. "तुम्ही सगळ्यांनी पाट्या लावल्या ना? मला लय घोर होता त्याचा."

वैष्णवीने तोंड उघडलं. सुमनबाईंनी तिच्या मांडीवर हात ठेवला.

"लावल्या की. मी तर पहिल्याच वर्षी लावली. थांबतंय कोण?"

भागीबाईने सुस्कारा सोडला. "बरं झालं बाई. मला वाटायचं, तू येडी अजून थांबली असशील."

"मी काय येडी हाय?" सुमनबाई म्हणाल्या, आणि दोघी दात नसलेल्या तोंडांनी हसल्या.

जिना उतरल्यावर वैष्णवी हळूच म्हणाली, "आजी, हे सगळं रेकॉर्ड झालंय."

"कलेक्टर कचेरीपर्यंतचं ठेव. पुढचं खोड."

"पण हाच तर खरा..."

"तिनं झेंडा धरला ते तुझ्यासारख्या पोरी लिहितील. तिला घर नव्हतं ते कोण लिहिणार? खोड."

वैष्णवीने तिथेच उभं राहून ते खोडलं. परतीलाही रिक्षा नव्हतीच. घरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. चपला न काढताच सुमनबाईंनी पिशवीतून पाटी घेतली. दाराला पाच-सहा वेळा रंग लागला होता, आणि प्रत्येक वेळी खिळ्यालाही. त्यांनी नखाने रंगाचा पापुद्रा खरवडला. खिळा जागेवरच होता.

पाटी अडकवली, ती जराशी तिरकी बसली. सुमनबाईंनी बोट ठेवून आपलं नाव सावकाश वाचलं, आणि मग शेजारणीने विचारायच्या आत स्वतःच तिला सांगितलं, "भागीला घर मिळालं."