शिरेची कडी

रविवारी जेवणं आटोपल्यावर बाबा खुर्चीचा निखळलेला पाय बसवत होते आणि स्वतःच्या पायांना नावं ठेवत होते. त्यांच्या पोटऱ्या दुखत होत्या. सगळा दोष कोलेस्टेरॉलच्या गोळीचा, असं त्यांचं म्हणणं होतं. आईलाही ते पटलं होतं, आणि या दोघांचं एखाद्या गोष्टीवर एकमत होणं म्हणजे घरात नवलच.

लेक दर रविवारी जेवायला यायची. रक्तवाहिन्यांवर औषधांचा काय परिणाम होतो हे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती कामाला होती. त्यामुळे खोकल्यापासून गिझरपर्यंत घरातला कुठलाही प्रश्न फिरून तिच्याच दारात यायचा. "शास्त्रीबाईंना विचारा," बाबा म्हणायचे, आणि शास्त्रीबाई उत्तर द्यायच्या. उत्तर नाही, असं कधी झालंच नव्हतं. शाळेत असल्यापासून तिला ते खपतच नसे.

गोळी मनानं बंद करायची नाही, डॉक्टरांना विचारायचं, असं तिनं त्या दिवशीही बजावलं. दोघांनी इतक्या निमूटपणे माना डोलावल्या की तिला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण बाबांनी लगेच विषय काढला, की ही गोळी म्हणजे नळातला गाळ उपसणारी, एवढंच ना? तिला तेवढं पुरे होतं. गाळाचं काम सावकाश चालतं, ती सांगू लागली, पण नळीच्या भिंतीत स्नायू असतो आणि त्याच्यावर हे औषध थेटही काम करतं, गाळ असो वा नसो. आम्ही शिरेची कडी, म्हणजे आडवा कापलेला गोल तुकडा, आखडवतो, औषध घालतो आणि ती सैल पडताना बघतो. बाबांनी विचारलं, मुळात शिरेनं आखडायचंच कशाला? ती म्हणाली, न आखडून कसं चालेल? तुम्ही उठून उभे राहिलात की सगळं रक्त पायांत उतरेल आणि भोवळ येईल.

"म्हणजे आखडणंही कामाचं असतं तर," बाबा म्हणाले. "उगाच मी इतकी वर्षं तुझ्या आईला बोल लावला."

"मी आखडले नसते तर तुम्ही कधीच घरंगळला असता," आई आतून म्हणाली.

बाबा हसले, आणि त्यांनी खुर्चीत बसून दाखवलं. खुर्ची अजून डुगडुगत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना ते कोसळले. शेजाऱ्यांनी उचललं, गाडी वेळेवर मिळाली, सगळं करायचं ते झालं, पण हृदय बंद पडलं ते पडलंच. लेक पोहोचली तेव्हा त्यांचा एक गाल गुळगुळीत होता आणि दुसऱ्यावर साबण वाळला होता. तिनं तो ओल्या रुमालानं पुसला.

माणसं आली, गेली. घर रिकामं झाल्यावर आईनं कपाटातून गोळ्यांचं पाकीट काढून तिच्यापुढे ठेवलं. ते फोडलेलंही नव्हतं. पायांचं दुखणं बघवत नव्हतं म्हणून मीच म्हटलं, काही दिवस बंद ठेवा, लेकीला कळू द्यायचं नाही, आई सांगत होती. सांगताना ती पाकिटाची कड नखानं दुमडत होती.

"खरं सांग. गोळी चालू असती तर वाचले असते का?"

"बघून सांगते," लेक म्हणाली, जणू कुणाचा पत्ताच शोधून द्यायचा होता.

कामावर परतली त्या दिवशी इस्पितळातून शिरेचा तुकडा आला होता. बायपासच्या वेळी पायातून काढलेली शीर जास्त झाली, तर उरलेला भाग रुग्णाच्या संमतीनं त्यांच्याकडे यायचा. बाटलीवर नाव नसायचं. गार द्रावणात तो तुकडा माणसापासून वेगळा होऊनही काही तास जिवंत राहायचा. तिनं त्याच्या कड्या कापल्या, एकेक दोन बारीक आकड्यांत अडकवून वेगवेगळ्या भांड्यांतल्या कोमट द्रावणात सोडली. प्राणवायूचे बुडबुडे सुरू झाले. आखडवणारं औषध घातल्यावर पडद्यावरची ताणाची रेघ चढली आणि वर जाऊन स्थिरावली. मग तिनं एका भांड्यात बाबांचंच औषध घातलं.

रेघ उतरू लागली, सावकाश, एखादा माणूस खांदे सोडून बसावा तशी. शेजारच्या भांड्यातली कडी त्याच शिरेची होती आणि औषधही तेवढंच, पण तिनं दाद दिली नाही. तिसऱ्यात औषध नव्हतं, ते ज्यात विरघळवतात ते नुसतं अल्कोहोल होतं. तिथली रेघही थोडी घसरली. आणि हे सगळं, गिळलेल्या गोळीचं जेवढं रक्तात उरतं त्याच्या कितीतरी पट औषध ओतून. हे सगळं तिला आधीपासून माहीत होतं. तरी पडद्यापुढे ती वाट बघत बसली, कुणी तरी सांगेल म्हणून. हजार माणसांत गोळीनं किती वाचतात ते छापलेलं होतं. त्या हजारांत बाबा कुठे बसले असते, ते कुठेच नव्हतं.

परतताना तिनं एक वाक्य तयार केलं: काही फरक पडला नसता, आई. वाक्य सोपं होतं. आईला त्यानं झोप लागली असती. बसमध्ये तिनं ते मनात इतकं घोळवलं की ते खरंच वाटायला लागलं.

आईनं दार उघडलं. चहाचं आधण ठेवलं आणि ओट्याला टेकून उभी राहिली, तिच्या तोंडाकडे बघत. शास्त्रीबाई जे सांगतील ते खरं मानायला ती तयार होती, उत्तर हो असो वा नाही. तो विश्वास बघून लेकीच्या ओठांवरचं वाक्य तिथंच थांबलं. ते बोललं असतं तर आईनं पुन्हा कधी हा विषय काढलाच नसता, आणि त्या पाकिटापाशी दोघी आपापल्या एकट्याच बसल्या असत्या.

पाणी उकळायला लागलं होतं. लेकीनं गॅस बंद केला आणि आईचा हात धरला.

"मला माहीत नाही, आई," ती म्हणाली. "मला खरंच माहीत नाही गं."