टेपाडाला वळसा

भाटघरचं धरण पुरं झालं, त्या साली रायबाने बायकोसाठी एक रस्ता बांधला. गावात दुसरा रस्ताच नव्हता, त्यामुळे तो गावातला सर्वांत चांगला रस्ता होता.

रायबाची बायको भागूबाई माळ्यावरून पडली, तेव्हापासून तिचा खुबा कामातून गेला होता. काठी टेकत ती ओसरीपर्यंत यायची. ओसरीसमोर एक टेपाड होतं आणि टेपाडापलीकडे, खाली नदीकाठी, तिचं माहेर. धरणात पाणी साठलं की ते बुडणार होतं. भाऊ छप्पर काढून घेऊन केव्हाच दूर गेला होता. भिंती आणि दारची चिंच तेवढी मागे राहिली होती.

“अवं, येकदा टेपाडावर न्या मला. चिंच बगते नि येते,” भागूबाई म्हणाली.

टेपाड ते केवढं! तिला पाठुंगळी घेऊन रायबा तंबाखूचा बार तोंडात विरायच्या आत वर पोचला असता. अडचण टेपाडाची नव्हती. अडचण सावळारामची होती.

मागे एकदा ओढ्याला पूर आला, तेव्हा सावळारामने तापाने फणफणलेली बायको पाठीवर घेऊन ओढा ओलांडला होता. अलीकडच्या काठावर रायबा बसला होता. तो एवढंच म्हणाला, “आला बगा पार्वतीला घिऊन नंदी!” लोक पोट धरधरून हसले. त्या दिवसापासून सावळारामला सावळाराम म्हणणारं कुणी उरलं नाही. पाहुणेसुद्धा वेशीवर “नंदीचं घर कुठलं?” असं विचारू लागले. रायबाला या नावाचा फार अभिमान होता. मग भागूबाई माळ्यावरून पडली, आणि अभिमान तसाच घशात अडकला.

“पाठुंगळी कशापायी? रस्ता करतो तुज्यासाटनं. राणीवानी जाशील,” तो म्हणाला.

“मला राणी न्हाई व्हायाचं. चिंच बगायचीय.”

पण रायबाने कुदळ उचलली होती.

त्याचे स्वतःचे बैल धरणावर दगड वाहून खंगले होते. एक तर गेलाच. तेव्हा रखमाजी तेल्याने आपला म्हातारा बैल देऊ केला. बैल गरीब होता. जन्मभर घाणा ओढलेला. डोळ्यांवर झापड बांधली की चालायचा, काढली की थांबायचा, आणि चालायचा तो डाव्या हाताला वळत. रायबाने त्याला टेपाडाच्या पायवाटेवर उभा केला, तर तो गोल फिरून जिथे होता तिथेच परत आला. रायबाने बराच वेळ बैलाकडे पाहिलं. सरळ चढता येत नसेल, तर टेपाडाभोवती फिरत फिरत चढावं! चढ हलका, धक्का नाही. भाताची खाचरं सारखी करायची फळी होतीच. तिच्यावर पेंढा टाकून भागूबाईला बसवायचं आणि फळी बैलाने ओढायची.

टेपाड डाव्या हाताला ठेवून रायबा खणत सुटला. पावसाच्या आत रस्ता होणार होता. पण पहिल्याच सरींनी खालचा वळसा वाहून नेला. तो पुन्हा बांधेपर्यंत भाताची लावणी आली.

संध्याकाळी तो खाली आला की भागूबाई विचारायची, “चिंच दिसती का?”

“दिसती की.”

वरून त्याला सगळंच दिसत होतं. आधी खाचरं गेली, मग विहीर, मग भिंती. चिंच दिसत होती, म्हणजे शेंडा दिसत होता. त्या दिवसांत एकदा तो भागूबाईपुढे पाठ वाकवून बसलासुद्धा. तेवढ्यात वाटेने दोघेजण आले. रायबाने तसंच वाकून पायातला काटा काढला. काटा नव्हता.

मग एका संध्याकाळी शेंडाही नव्हता.

“दिसती का?”

“दिसती,” रायबा म्हणाला.

भादव्यात रस्ता पुरा झाला. भागूबाई ठेवणीतलं लुगडं नेसून फळीवर बसली. तिला काही सांगायचं तर आताच, हे रायबाला कळत होतं. त्याने बैलाला झापड बांधली.

बैल झकास चढला. एक धक्का बसला नाही. माथ्यावर सपाटी आली, पण बैलाला कुठे ठाऊक की पोचलो? तो फिरतच राहिला. भागूबाईपुढे पाणी आलं, डोंगर आला, स्वतःचं घर आलं, पुन्हा पाणी आलं.

“थांबवा की त्याला,” ती म्हणाली.

रायबाने झापड काढली. बैल थांबला तो नेमका भागूबाईचं तोंड पाण्याकडे करून.

“चिंच कुटंशी व्हती?”

रायबाने बोट केलं. पाणी सगळीकडे सारखंच होतं, त्यामुळे बोट चुकलं असं कुणी म्हणू शकलं नसतं.

“काल तर दिसती म्हनला.”

“लावणीच्या वक्ताला व्हती,” रायबा म्हणाला. “शेंडा व्हता.”

भागूबाईने पदराने तोंड पुसलं, जणू पाणी तिथवर आलं होतं.

परतायचं म्हणून रायबाने पुन्हा झापड बांधली, तर बैल वाटेला वळेना. उतरताना टेपाड उजव्या हाताला येतं, ही गोष्ट एवढा रस्ता खणताना रायबाच्या डोक्यात आली नव्हती. बैल उजवीकडे जन्मात वळला नव्हता. तो डावीकडे वळून माथ्याच्या कडेशी जाऊन उभा राहिला. रायबाने फळी सोडली, बैलाला दूर नेऊन बांधलं आणि भागूबाईपुढे पाठ करून बसला.

“बस.”

शेरडांच्या वाटेने ते खाली आले. उतरताना तोंडात टाकलेली तंबाखू अजून विरली नव्हती.

“अवं,” पाठीवरून भागूबाई म्हणाली, “येवढंच व्हतं?”

पायथ्याशी गवताचा भारा घेऊन सावळाराम उभा होता. रायबा थांबला. मान खाली घालून तो वाट पाहू लागला. जे काही नाव मिळेल ते त्याला आता हवंच होतं.

सावळारामने दोघांकडे पाहिलं. “वैनी, हात म्होरं छातीवर गुतवा,” तो म्हणाला. “त्येच्या मानंला वढ बसतीया.” आणि भारा सावरून तो निघून गेला.

भागूबाईने हात पुढे गुंतवले. ओसरी आली, पण रायबाला तिला खाली ठेववेना. त्याने घराला वळसा घातला आणि पुन्हा ओसरीशी आला. तिथून परत निघाला, डाव्या हाताला वळत.

“आता कुटं?” भागूबाईने विचारलं.

“कुटं न्हाई,” रायबा म्हणाला आणि चालत राहिला.