अंगठ्याखालचं बटण

"काका, माउस बदला, नाहीतर टेबल बदला," असं साहेब मला भर ऑफिसात म्हणाले. या साहेबांचं वय माझ्या नोकरीपेक्षा फार तर दोन-तीन वर्षांनी जास्त असेल.

टेबल बदलणं म्हणजे काय, ते आमच्याकडे कुणालाही विचारा. दाराजवळ एक टेबल आहे. तिथे बसून बाहेरून आलेल्या पत्रांवर शिक्के मारायचे. आजवर जो जो त्या टेबलावर बसला तो तिथूनच निवृत्त झाला. त्यांतल्या एकाचंही नाव आता कुणाला आठवत नाही. माझी अजून चार वर्षं बाकी होती.

मी पाण्याच्या पाइपांचे नकाशे काढतो. गावाच्या पोटातून कुठला पाइप कुठे गेलाय, हे जुन्या कागदांवर शाईनं काढून ठेवलेलं आहे. त्यांतले निम्मे कागद मीच तरुणपणी काढलेले. आता त्या कागदांचे फोटो लॅपटॉपच्या पडद्यावर घ्यायचे, आणि पाइपच्या रेषेवर माउसनं टिचक्या मारत पुढे सरकायचं. टिचकीला टिचकी जोडून मशीन नवी रेषा तयार करतं. थोडक्यात, मी एकदा काढलेली रेषा मीच पुन्हा गिरवायची. काम पहिलीतल्या पोराचं, पण रेषा हातभर सरकली तर उद्या खोदाईवाला नेमका पाइपवर घाव घालतो आणि चार गल्ल्या कोरड्या पडतात.

गेलं वर्षभर माझ्या टिचक्या रेषेवर बसत नव्हत्या. एक डावीकडे, एक उजवीकडे. सरळसोट पाइप पडद्यावर करवतीसारखा दातेरी दिसायचा. मुख्य पाइपचा नकाशा तपासणीतून तीनदा परत आला. माझा उजवा हात थरथरत होता. हे मला पुरतं ठाऊक होतं, आणि दुसऱ्या कुणाला कळू नये म्हणून मी माउसच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतो.

आमच्याकडे एक नवी मुलगी आहे. तिला सगळे फुटपट्टी म्हणतात. उंच, बारीक आणि बोलायला सरळ, म्हणून नाव मीच ठेवलं. ती म्हणाली, "काका, पडदा मोठा करून काढा की."

मोठा केला की पुढचं वळण दिसत नाही. माउसची चाल कायमची कमी करून ठेवावी, तर बाण या टोकाचा त्या टोकाला जाईपर्यंत जेवणाची सुट्टी होते. पण हे सगळं तिला सांगत बसण्याइतकी ती मोठी नाही. मी म्हटलं, "माउसच रद्दी आहे."

तिनं माझ्याच खुर्चीत बसून, माझ्याच माउसनं, एक अख्खी गल्ली काढून दाखवली. एक टिचकी रेषेबाहेर नाही. "चालतोय की," म्हणाली. मागून कुणीतरी "नाचता येईना" एवढंच पुटपुटलं. अंगण वाकडं हे म्हणायचीही त्यानं तसदी घेतली नाही. साहेबांचं ते वाक्य यानंतरचं. गुरुवारपर्यंतची मुदत दिली.

घरी मी आणि सूनबाई. बायको गेल्याला सहा वर्षं झाली, आणि मुलगा फिरतीच्या नोकरीवर. महिन्यातून चार दिवस घरी येतो ते झोपायला. सूनबाई औषधांच्या दुकानात काउंटरवर काम करते. संध्याकाळी घरी आली की सगळं आवरून, कानांवर हेडफोनचे ते दोन मोठे गड्डे चढवून, लॅपटॉपवर लढाई खेळते. शिकली-सवरलेली, लग्न झालेली बाई! चार अनोळखी लोकांचा संघ करून डोंगराआडून गोळ्या घालते, आणि मधूनच "मागं बघ, मागं बघ" म्हणून ओरडते. संघात कोण कोण, तर म्हणे एक दातांचा डॉक्टर, एक शाळेतल्या बाई आणि एक बेकरीवाला. अशा डॉक्टरच्या हाती मी माझा दात द्यायचो नाही. ही बिनकामाच्या लोकांची करमणूक आहे, असं माझं मत होतं, आणि ते मी तिला एक दिवसाआड ऐकवत असे.

ती ऐकून घ्यायची आणि समोर अर्धा कप चहा आणून ठेवायची. पूर्वी काठोकाठ द्यायची. हल्ली अर्धा, आणि थोड्या वेळानं पुन्हा अर्धा. ही कंजुषीसुद्धा हप्त्याहप्त्यानं करते, अशी मी मुलाकडे फोनवर चहाडी केली होती. भरलेला कप माझ्या हातून बशीत सांडतो, म्हणून ती तसं करते, हे माझ्यासारख्या दीडशहाण्याच्या डोक्यात आलं नाही.

त्या संध्याकाळी मी माउसला नेहमीच्या शिव्या घातल्या आणि साहेबांची मुदत सांगितली. ती म्हणाली, "बाबा, रविवारी माझ्याबरोबर चला. मी निवडून देते."

"तुला लढाईतलं कळतं. मला पाइप काढायचेत."

"चला तरी," ती म्हणाली. साहेबांच्या मुदतीत दुसरा उपाय नव्हता, म्हणून गेलो.

दुकान कसलं, लग्नघराला लाजवील इतके दिवे! प्रत्येक माउसच्या पोटात दिवा. एक लाल होतोय, एक निळा, एक उगाच धाप लागल्यासारखा उजळतोय आणि विझतोय. वस्तू हाताखाली झाकली जाणार, मग दिवा कुणासाठी, असं मी दुकानदाराला विचारलं. तो "लूक आहे, काका" म्हणाला. पुढे काही विचारण्यात अर्थ नव्हता.

पहिला माउस त्यानं काढला त्याच्या पाठीला भोकंच भोकं. "वजन कमी व्हावं म्हणून," तो म्हणाला. माल कमी घालायचा आणि त्याचेच जास्त पैसे घ्यायचे, ही अक्कल वाखाणण्याजोगी आहे. चाळणी म्हणून स्वयंपाकघरात ठेवली असती तर निदान कामाला आली असती. दुसऱ्याच्या एका कुशीला बारा बटणं. बारा! माणसाला अंगठा एक. तिसऱ्याला वायर नव्हती. चार्ज करायला विसरलं की मढं, असं मी म्हटल्यावर सूनबाई हसली, पण दुकानदाराला ते आवडलं नाही.

"हा बघा, काका. सव्वीस हजार डीपीआय," तो म्हणाला, जणू स्वतःच्या मुलीचे मार्क सांगत होता.

"म्हणजे काय होतं?"

"हात जरा हलला की बाण अख्खा पडदा पार करतो."

"मला पार करायचा नाही. मला जिथल्या तिथे थांबायचंय."

"वापरून तर बघा."

काउंटरवर लॅपटॉप उघडाच होता. पडद्यावर एकेक ठिपका उमटायचा, त्यावर टिचकी मारायची. दहा ठिपक्यांचा एक डाव. चाळणीनं मला दहातले तीन लागले. बारा बटणांवाल्यानं दोन. सव्वीस हजारवाल्यानं एकही नाही; बाण ठिपक्याभोवती माशीसारखा घोंघावत राहिला. मी प्रत्येक माउसला नावं ठेवत गेलो. हा बुळबुळीत, हा टोचतो, हा हलका, हा जड. नावं ठेवायला मी कमी पडलो नाही. पण चौथ्या माउसला दुकानदारानं माझ्या बोलण्याकडे लक्ष देणं सोडलं, आणि त्याची नजर माउसवरून सरकून माझ्या मनगटावर आली. आता हा बोलणार, हे मला दिसलं.

तेवढ्यात सूनबाईनं माझ्या हाताखालचा माउस काढून घेतला. "अहो दादा, तुम्ही त्यांना काय दाखवत बसलाय? माउस मला हवाय," ती म्हणाली. "माझा हात थरथरतो. नेम धरायच्या वेळी तर फारच."

"मग आधी सांगायचं ना, ताई!" दुकानदार खाली वाकला आणि त्यानं खणातून एक काळा माउस काढला. त्यालाही दिवा होताच, पण अंगठा जिथे टेकतो तिथे एक लांबट बटण होतं. "हा लांबून नेम धरणाऱ्यांसाठी. एरवी नेहमीच्या चालीनं चालवायचा. नेम धरताना एवढं बटण दाबून ठेवा, बाण गोगलगाय होतो. हात हलला तरी बाण फारसा हलत नाही. बटण सोडलं की पुन्हा घोडा."

मी मनात म्हटलं, घ्या! रोज संध्याकाळी शूरवीर बनून बसते आणि हिचा हात थरथरतो. नेमसुद्धा धड धरता येत नाही. दुसऱ्याचा दोष मला नेहमीच चटकन पटतो, तसा हाही पटला.

"बाबा, तुम्हीच जरा बघा," ती म्हणाली. "माझा आणि तुमचा पंजा सारखाच आहे." तिचा पंजा माझ्या निम्मासुद्धा नाही. तरी मी माउस धरला. ठिपक्यापर्यंत बाण नेला, अंगठा दाबला, टिचकी मारली. लागला. दुसरा लागला. दहातले नऊ लागले. दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला होता.

बाहेर आल्यावर तिनं खोकं माझ्या पिशवीत टाकलं. "आधी तुम्ही ऑफिसात वापरा. चांगला निघाला तर मी माझ्यासाठी दुसरा घेईन."

सोमवारी टेबलावर तो ठेवला तेव्हा सगळं ऑफिस गोळा झालं. "काका, आज कुणाला उडवणार?" वगैरे विनोद झाले. विनोद करायलाही अक्कल लागते, हे त्यांना कोण सांगणार? मी मान खाली घालून मुख्य पाइपचा नकाशा उघडला. रेषेपर्यंत बाण न्यायचा, अंगठा दाबायचा, टिचकी मारायची, अंगठा सोडायचा. टाकीपासून नदीपर्यंतचा पाइप बुधवारी दुपारी पुरा झाला. गुरुवारी तपासणीतून कागद आला, त्यावर एकही लाल खूण नव्हती.

साहेब कागद घेऊन स्वतः टेबलापाशी आले. "बघा! मी म्हणत होतो ना, माउसचाच दोष होता." असं ते कधीच म्हणाले नव्हते, म्हणत मी होतो. पण साहेबांना कारण सापडलं की ते लगेच खरेदी काढतात. आठही टेबलांसाठी असलेच माउस मागवा, असा हुकूम सुटला. 'नाचता येईना' म्हणणाराही येऊन "काका, मानलं" म्हणून गेला.

मी जिंकलो होतो. टेबल राहिलं होतं, आणि वरून माझ्या थापेवर साहेबांचा शिक्का बसला होता.

मग फुटपट्टी आली. तिनं माझा माउस हातात घेतला, बटण दाबलं, दोन-चार टिचक्या मारल्या आणि कपाळाला आठ्या घातल्या. "काका, यानं नुसतं सावकाश होतं. रेषा तर तशीच येते. याचा उपयोग काय?"

"तुला नाही कळायचं," मी म्हणालो. तिला कळलं नाही, पण मला कळलं. तिला ते बटण नको होतं, कारण तिच्या हातात काही बिघाड नव्हता. मला ते दाबल्याशिवाय एक टिचकी मारता येत नव्हती. म्हणजे ऑफिसातला माउस चांगला होता, त्याआधी मी बदलून घेतलेले दोनही चांगले होते, दुकानातली चाळणीसुद्धा चांगली होती. वर्षभर ज्यांना ज्यांना शिव्या घातल्या ते सगळे निर्दोष सुटले. आता शिव्या घालायला कुणीही उरलं नव्हतं. मला भीती वाटली. या वयात वाटू नये इतकी वाटली.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा सूनबाई लढाईत होती. कानांवर गड्डे, त्यामुळे मी आलेलं तिला कळलं नाही. मी तिच्या मागे उभा राहिलो. पडद्यावर लांबच्या टेकाडावर एक शत्रू होता, तांदळाच्या दाण्याएवढा. तिनं बाण त्याच्यावर नेला आणि थांबवला. मी तिच्या हाताकडे बघितलं. तो हात टेबलावर दगडासारखा स्थिर होता. माउस साधा, दोन बटणं आणि मधे चाक, बाकी काही नाही. तिनं तसंच कितीतरी वेळ धरून ठेवलं, आणि योग्य वेळी एक बोट तेवढं हललं. शत्रू पडला.

'माझा हात थरथरतो,' असं ही बाई भर दुकानात, परक्या माणसासमोर म्हणाली होती. आणि मी मनातल्या मनात तिला हसलो होतो. मला स्वतःची अशी लाज वाटली की आल्या पावली मागे फिरावं. पण मी फिरलो नाही. बाजूची खुर्ची ओढली, बसलो, आणि माझा उजवा हात तिच्या लॅपटॉपशेजारी टेबलावर ठेवला. इतके दिवस तो खिशात तरी असायचा, नाहीतर डाव्या हाताखाली. आता उघडा ठेवला. त्याची बोटं टेबलावर टकटक वाजत राहिली.

तिनं कानांवरचे गड्डे काढले. "काय झालं, बाबा?"

"नकाशा पास झाला."

"अरे वा!"

"वा काय? माउसचा दोष नव्हता." मी टेबलावरच्या हाताकडे बोट दाखवलं. "माझा हात थरथरतो गं."

ती "मला माहीत होतं" म्हणाली नाही. म्हणाली असती तर मला राग आला असता, हेही तिला माहीत असावं. तिनं माउस सोडला आणि माझं मनगट दोन्ही हातांनी धरलं. टेबलावरच्या गड्ड्यांतून दातांच्या डॉक्टरचा आवाज येत होता, "ताई, कुठे आहेस? हल तिथून, हल!"

"साहेबांना सांगावं लागेल," मी म्हणालो. "ते आठ माउस मागवतायत. टेबल जाईल माझं."

"जाईल कदाचित," ती म्हणाली. "आधी डॉक्टरांकडे जाऊ. उद्या सकाळी मी येते बरोबर. साहेबांचं नंतर बघू."

पडदा लाल झाला. डोंगराआड बसलेला तिचा माणूस आडवा पडला होता आणि दातांचा डॉक्टर कळवळून ओरडत होता.

"मेला बघ तुझा माणूस," मी म्हणालो.

"मरू दे," ती म्हणाली. तिनं पडद्याकडे बघितलंही नाही, आणि माझं मनगटही सोडलं नाही.