फ्लाइटचा आवाज बसला

थांबा, टिओला बोलू देऊ नका, तो सगळं स्वतःच्या सोयीनं सांगेल. मी सांगते. त्याला ते कोलाचे, ते सारण भरलेले पाव, खाऊ दे.

तर तुमच्यातले जे आमच्या अवकाशयानांच्या कंट्रोल सेंटरमध्ये नाहीत त्यांच्यासाठी एवढंच, की आमचा सराव म्हणजे खोटं उड्डाण. खोली खरी, हेडसेट खरे, पडद्यावरचे आकडे खोटे. ते आकडे शेजारच्या काचेच्या खोलीत बसून वर्ना टिडवेल बिघडवतात. तीस वर्षं हाच धंदा. दिसायला अशा, की गावाला जाताना तुम्ही घराची किल्ली त्यांच्याकडे ठेवून जाल. आणि नुसती यंत्रं बिघडवून त्यांचं समाधान होत नाही, मग त्या माणसं बिघडवतात. म्हणजे काय, तर टेबलावर एक हिरवं कार्ड येतं. ‘तुझं पोट दुखतंय. वीस मिनिटं बाहेर जा.’ की निघायचं. कारण सांगायचं नाही, वाद घालायचा नाही, कार्डावर लिहिलंय तेच खरं. गेल्या वर्षी एकाला डुलकी लागल्याचं कार्ड आलं, तर तो पठ्ठ्या इमानदारीत घोरला.

आता माझं. मी यानातली हवा आणि दाब बघते. खऱ्या खुर्चीत बसायला दोन सह्या लागतात, टिडवेलबाईंची आणि फ्लाइटची. फ्लाइट म्हणजे विन्फर्ड स्टोक्स, खोलीचे प्रमुख. आणि मी दोनदा नापास. तिसऱ्यांदा नापास झालं की फाइलींच्या इमारतीत रवानगी, परत खोलीत पाऊल नाही. नापास का? तर तुम्ही काहीही सांगा, फ्लाइट चष्म्यावरून बघत एकच विचारतात, “नक्की?” झालं, माझी विकेट. दुसऱ्या वेळी तर माझं उत्तर बरोबर होतं. त्यांनी नक्की विचारलं आणि मी ते बदललं.

मंगळवारी पार्किंगमध्ये मी टिओसमोर, हा पण माझ्यासारखाच शिकाऊ, रडगाणं लावलं होतं. हा म्हणतो, “ओडी, तुझा प्रॉब्लेम हवा-पाणी नाहीये. तुझा प्रॉब्लेम त्या माणसाचं तोंड आहे.”

“मग काय करू, चिकटपट्टी लावू?”

“आपल्याकडे त्याहून भारी आहे.” आणि यानं खिशातून काय काढलं? कोरं हिरवं कार्ड. बाईंच्या ड्रॉवरमधून ढापलेलं.

मी नाही म्हटलं. तीनदा म्हटलं, विचारा त्याला. मग त्याच्या गाडीच्या बॉनेटवर ठेवून मीच लिहिलं. ‘तुमचा आवाज बसला आहे. एक शब्दही बोलता येत नाही.’ अर्धा तास फ्लाइट गप्प, तेवढ्यात माझा मुख्य बिघाड येऊन जाईल, असा आमचा हिशेब.

गुरुवारी सकाळी नऊला सराव सुरू. फ्लाइट कॉफी आणायला गेले, टिओनं कार्ड त्यांच्या कीबोर्डवर ठेवलं. ते आले, वाचलं, घडी करून खिशात टाकलं, आणि गप्प.

साडेनऊ झाले, गप्प. दहा वाजले, गप्प. टिओ दोन टेबलं सोडून बसला होता, मी त्याला मेसेज केला, हे बोलत का नाहीत? त्याचं उत्तर आलं, ‘तू वेळ लिहिलीस ना?’

नव्हती लिहिली. किती मिनिटं ते लिहायचंच राहिलं. आणि स्टोक्स कसे आहेत माहीत आहे ना, कार्ड म्हणजे कार्ड. खोटं आहे हे त्यांना कोण सांगणार, मी?

बरं, बोलत नाहीत म्हणून सुटले म्हणावं तर भुवया होत्या ना. आवाजापेक्षा भुवया भयंकर. त्यात काचेपलीकडे टिडवेलबाई उभ्या. त्यांना दिसतंय की फ्लाइट खुणा करतायत, आणि आपण तर कार्ड दिलेलंच नाही. पण सराव थांबवतील त्या टिडवेलबाई कसल्या. उलट खुशीत येऊन त्यांनी आणखी दोन बिघाड सोडले.

सव्वाअकराला माझा बिघाड आला. दाबाची घंटा. तीन मापकांपैकी एकाचा आकडा घसरत चाललेला. गळती खरी असेल तर वरच्या तिघांना ताबडतोब परतीच्या यानात बसवायचं. नुसता मापक बिघडला असेल तर त्यांना उगाच पळवायचं नाही, चार महिन्यांचे प्रयोग वाया जातात. मी फ्लाइटकडे पाहिलं. त्यांनी एक कागद सरकवला. ‘बोलता येत नाही. खोलीला तू सांग. मी मान हलवीन.’

म्हणजे ज्यांचं तोंड बंद व्हावं म्हणून एवढा उपद्व्याप केला, त्यांच्या जागी आता मीच बोलायचं. आख्खी खोली माझ्याकडे बघतेय. उरलेले दोन मापक हलत नव्हते. तेवढ्यानं भागणार नव्हतं. मी यानाशी बोलणाऱ्या ग्रेटाला म्हटलं, “वर विचार, कानात दडे बसतायत का.”

“काय विचारू?”

“कान. विमानात बसतात तसे.”

वरचे म्हणजे शेजारच्या खोलीतली टिडवेलबाईंचीच माणसं, त्यांच्या कागदावर कानांचं काही नव्हतं. बराच वेळ कुजबुज. मग उत्तर आलं, “कान ठीक आहेत.”

“मापक बिघडलाय,” मी म्हटलं. “गळती नाही. कुणी जागचं हलू नका.”

फ्लाइटच्या दोन्ही भुवया वर. मी पण बघत राहिले त्यांच्याकडे, शब्द मागे घेतला नाही. त्यांनी मान हलवली. मापकच होता.

मी पास होते, कळतंय का? मी पास होते, आणि जेवणाच्या सुट्टीत फ्लाइट कँटीनमध्ये ब्रिस्केटच्या भाजलेल्या मांसाकडे बोट दाखवत उभे होते. बायकोचा फोन आला, यांनी उचलला, आणि ती बोलतेय आणि हे नुसते श्वास सोडतायत.

दुपारी दीडला झाडाझडती. आमच्यात रीत अशी, की प्रत्येकानं उठून आपली चूक आपणच सांगायची, दुसऱ्यानं दाखवायच्या आत. टिडवेलबाई म्हणाल्या, “विन्फर्ड, तुमच्यापासून सुरू करा.” फ्लाइटनी कार्ड काढून दाखवलं.

“हे माझं नाही,” बाई म्हणाल्या.

कार्ड लिहिणाऱ्यानंच मागे घ्यायचं असतं, त्यामुळे फ्लाइट तसेच ओठ मिटून बसलेले. टिओ बुटांच्या नाड्या बघत होता. मी बोलले नसते तर सही माझी होती. पण साडेचार तास तो माणूस माझ्यामुळे मुका होता आणि तरी त्यानं मला खोली सांभाळायला दिली होती. मी उठले.

“कार्ड मी लिहिलं. मागे घेते. वेळ टाकायला विसरले.”

“ढापलं मी,” टिओ म्हणाला. उभा न राहता, पण म्हणाला.

फ्लाइटनी घसा साफ केला. “माझ्या घरी कुणीतरी फोन करा,” ते म्हणाले. “ती पोलिसांना बोलावेल.”

टिडवेलबाई हसल्या नाहीत. “बाई गं, आज यांना खरोखर मेंदूचा झटका येऊन वाचा गेली असती, तर आम्ही सगळे कार्ड समजून बघत बसलो असतो. मी सही करणार नाही.”

मला खाली बसता येईना.

“वर्ना,” फ्लाइट म्हणाले, “ती आत्ता गप्प बसू शकत होती. आकडा चुकला तर ही पोरगी लपवणार नाही, हे मला कळलं. मला असलीच माणसं लागतात.” आणि त्यांनी सही केली.

बाईंनी कागद तीनदा उलटापालटा केला. मग म्हणाल्या, “दोन महिने दर शनिवारी माझ्या खोलीत यायचं. कार्डं कशी लिहितात ते शिकायचं, वेळेसकट. सरावात कुणाला काय होणार ते तू ठरवायचं. कबूल?”

“कबूल,” म्हटलं. त्यांनी सही ठोकली.

तर येत्या सोमवारपासून मी खऱ्या खुर्चीत. आणि आज पहिला शनिवार झाला. पुढच्या परीक्षेचं कार्ड बाईंनी माझ्याकडूनच लिहून घेतलं, वेळ पंचेचाळीस मिनिटं. परीक्षा कुणाची? चौदा तारखेला, बॅटऱ्यांच्या टेबलावर, आपल्या टिओची. नाही रे टिओ, नाही सांगणार. कोलाचे दिलेस तरी नाही. तेवढं सकाळी पोटभर खाऊन ये.